नागपूरच्या उन्हाळ्यातली बाग: आधी अळ्या, मग घरटी

चिमण्यांची जोडी अंगणात तांदळाचे दाणे टिपताना दिसते, म्हणून त्यांची पिल्लंही दाण्यांवर वाढत असतील असं आपण धरून चालतो. तसं नसतं. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला दाणा पचत नाही. त्याला मऊ, ओलं, प्रथिनांनी भरलेलं अन्न लागतं, म्हणजे अळ्या, मावा, कोळी, छोटे नाकतोडे. बुलबुल फळं खातो, सूर्यपक्षी मध पितो, पण पिल्लांच्या चोचीत दोघंही किडेच भरवतात. ‘आमच्याकडे पेटी लावली तरी पक्षी घरटं करत नाहीत’ असं कोणी म्हटलं की मी आधी पेटी पाहत नाही, त्यांच्या लिंबाच्या झाडाची पानं पाहतो. एकही पान कुरतडलेलं नसेल तर उत्तर तिथेच मिळतं.

म्हणून या लेखात कीटक आधी येतात आणि घरटी नंतर. बंगल्याची बाग नसली तरी चालेल. गच्चीवर किंवा गॅलरीत सात-आठ कुंड्या असल्या तरी यातलं बरंचसं करता येतं.

१. वेळ ठरवा

मे महिन्यात नागपुरात पावणेसहाच्या आधीच सूर्य उगवतो आणि नऊनंतरचं ऊन अंगावर घेण्यासारखं राहत नाही. पहाटेपासून साडेसातपर्यंतचा वेळ पक्ष्यांचा. साधारण सात ते नऊ ही फुलपाखरांची आणि माश्यांची वेळ. संध्याकाळी साडेपाचनंतर पुन्हा थोडी हालचाल सुरू होते. पारा ४५ च्या वर गेलेल्या दुपारी पक्षीसुद्धा चोच उघडी ठेवून सावलीत बसून असतात. त्या वेळी त्यांच्याजवळ जाऊन त्यांना उडवू नका, आणि स्वतःही बाहेर बसू नका.

रोज एकाच जागी पंधरा मिनिटं बसा. सोबत वही आणि मोबाइल पुरे. दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग मिळालं तर उत्तम. दुर्बीण नंतर घेतली तरी चालते आणि तेव्हा ८ बाय ४२ ची घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमीच्या पुढच्या भिंगांची. वहीत तारीख, वेळ, झाड आणि तो जीव काय करत होता एवढं लिहा. नाव माहीत नसलं तरी अडत नाही. फोटो काढून आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या ॲपवर टाकला की बहुतेक वेळा कोणीतरी ओळखून देतं. काय करत होता हे मात्र तुम्हीच पाहिलेलं असतं, म्हणून ते आधी लिहा.

२. कूलरखाली बघा

नागपूरकरांच्या घरात कीटक बघायची सगळ्यात चांगली जागा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. ती म्हणजे खिडकीतल्या कूलरखालची ओली जमीन. सगळीकडे माती तडकलेली असताना तिथे दिवसरात्र ओल असते. शिवाय पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. कूलरच्या ताटीवर पांढरा थर चढतो तो त्याचाच. हे क्षार फुलपाखरांना हवे असतात. सकाळी ओल्या मातीवर सोंड टेकवून बसलेली पिवळी-पांढरी फुलपाखरं दिसतील, त्यातले बहुतेक नर असतात.

तिथेच मधमाश्या पाणी न्यायला येतात. त्या पाणी पोळ्यात पसरवतात आणि पंखांनी वारा घालतात, म्हणजे आपल्या कूलरचंच तत्त्व. बारीक कंबरेची कुंभारीण माशीही येते. ती चिखलाचा छोटा गोळा करून उचलते आणि भिंतीच्या कोपऱ्यात किंवा खिडकीच्या चौकटीवर मातीच्या कोठड्या बांधते. प्रत्येक कोठडीत ती डंख मारून लुळी केलेली अळी किंवा कोळी भरते, त्याच्यासोबत अंडं घालते आणि तोंड लिंपून टाकते. गोळा घेऊन उडालेली माशी कुठे जाते ते नजरेने धरून ठेवा, घराच्याच भिंतीवर तिचं बांधकाम सापडेल. ती उगाच डंख मारायला येत नाही. ते मातीचे गोळे खरवडून काढू नका.

कूलर गळत नसेल, किंवा घरात कूलरच नसेल, तर एका पसरट थाळीत बागेतली माती आणि चिमूटभर मीठ कालवून ती ओली ठेवा.

एक काळजी मात्र मार्चमध्ये, कूलर सुरू करायच्या आधीच घ्या. पावसाळा-हिवाळाभर बंद राहिलेल्या कूलरच्या मागे, वर किंवा आत साळुंकी, होला किंवा चिमणी घरटं करून बसलेली असू शकते. झाकण उघडून बघा. अंडी किंवा पिल्लं असतील तर तो कूलर महिनाभर तसाच राहू द्या आणि दुसऱ्या खोलीतल्या कूलरवर भागवा. चिमणीची अंडी ११ ते १४ दिवसांत फुटतात आणि पिल्लं त्यानंतर साधारण दोन आठवड्यांत उडतात. महिना म्हणतोय तो एवढ्यासाठीच.

३. लिंबू, गोडलिंब, रुई

एकच झाड लावायची सोय असेल तर गोडलिंब, म्हणजे कढीपत्ता, लावा. तो कुंडीत येतो, उन्हाळा सोसतो, आणि लिंबावर वाढणारी काळी-पिवळी फुलपाखरं त्यावरही अंडी घालतात. संत्र्याच्या या मुलखात ती फुलपाखरं शोधावी लागत नाहीत. आपल्या राज्याचं फुलपाखरू नीलवंत, ज्याला २०१५ मध्ये तो मान मिळाला, तेही याच कुळातल्या झाडांवर वाढतं.

उन्हाळ्यात झाडाला नियमित पाणी मिळालं की कोवळी पालवी फुटते. मादी त्या पालवीवर पुढचे पाय टेकवत फिरते. पायांनी ती पानाची चव घेते आणि पटलं तर फिकट पिवळं, मोहरीहून लहान अंडं चिकटवते. काही दिवसांत निघणारी अळी काळपट-पांढरी असते, हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी. इथेच नवखे लोक फसतात आणि पान झटकून टाकतात. अळी मोठी होत जाते, कात टाकते आणि एक दिवस एकदम हिरवी दिसते. हिरव्या अळीला हलकेच काडी लावली तर डोक्यामागून नारिंगी-लालसर, दोन टोकांचं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. एकदाच करून बघा, परत परत नको, कारण तिची ताकद त्यात खर्च होते.

कोष दिसला की तारीख लिहा. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास साधारण महिनाभरात होतो. काही कोषांतून फुलपाखराऐवजी बारीकशी गांधीलमाशी निघेल आणि कोषाला गोल भोक दिसेल. हे अपयश मानू नका. ती माशी अळ्यांवरच वाढते, बागेत तिचंही काम चालू असतं. अळ्या बरणीत पाळण्यापेक्षा झाडावर राहू द्या. दहा अळ्यांमधल्या किती शिंपी पक्षी उचलून नेतो, ते बघणं हाच तर आपला खरा विषय आहे.

लेआउटच्या रिकाम्या प्लॉटवर रुई उगवलेली असते. तिच्यावर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या दिसतील. रुईच्या चिकातलं विष त्या अंगात साठवतात, म्हणून पक्षी त्यांना टाळतात. तगर आणि कण्हेरीवर शेपटीकडे काटा असलेली जाड हिरवी अळी असते, तिचा मोठा हिरवट पतंग होतो. बहाव्यावर पिवळसर-पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या असतात. गुलाबाच्या पानाच्या कडेला कात्रीने कापल्यासारखे गोल तुकडे गेलेले दिसले तर तो रोग नाही. पान कापणारी माशी ते तुकडे नेऊन पोकळ काडीत अंड्यांसाठी खोल्या करते. बोटाच्या जाडीचे, एका बाजूने बंद असलेले बांबूचे वीतभर तुकडे जुडी बांधून सावलीत आडवे टांगले तर ती तिथेही येते.

फुलांमध्ये तुळशीच्या मंजिऱ्या खुडू नका, मधमाश्यांसाठी उन्हाळ्यात तिच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. सांबार, म्हणजे कोथिंबीर, फुलावर गेला की उपटून टाकू नका, त्याच्या छत्रीसारख्या फुलांवर बारीक माश्यांची गर्दी होते. झिनिया लावाल तर एकेरी पाकळ्यांचा, भरगच्च फुलांतून मध काढणं माश्यांना जड जातं. मधुमालती असेल तर अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन जा, लांब सोंडेचे पतंग तिच्यासमोर हवेत थांबून मध पिताना दिसतील.

४. फवारणी थांबवा

यात मधला मार्ग शोधू नये असं माझं ठाम मत आहे. घरटं असलेल्या बागेत फवारणी म्हणजे पिल्लांच्या ताटात विष. जे किडे लगेच मरत नाहीत ते पक्षी उचलून पिल्लांना भरवतात.

उन्हाळ्यात जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण हमखास पडतो आणि सगळ्यांचा हात बाटलीकडे जातो. आधी भिंग लावून बघा. त्या पांढऱ्या गर्दीत तसाच पांढरा, पण भराभर चालणारा किडा दिसला तर ती ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची, पोर आहे. ती पिठ्या खाते. पिठ्या स्वतः जवळजवळ हलतच नाही, त्यामुळे फरक लगेच कळतो. मुंगळे मात्र पिठ्या आणि मावा यांच्या गोड चिकट स्रावासाठी त्यांची राखण करतात आणि ढालकिड्यांना हाकलतात. म्हणून खोडावर मुंगळ्यांची रांग असेल तर आधी ती तोडा. मग पाइपने पाण्याचा जोराचा फवारा मारा, फार लागलेला शेंडा छाटून टाका. दोन आठवडे द्या.

५. पाणी ठेवा, पण डास वाढवू नका

मातीचं पसरट भांडं घ्या, खोली दीड-दोन इंचांपेक्षा जास्त नको. मधोमध खडे किंवा विटेचा तुकडा ठेवा म्हणजे मधमाश्या बुडत नाहीत. भांडं सावलीत, झुडपापासून थोडं दूर ठेवा, कारण दाट झुडपात मांजर दबा धरून बसते. स्टीलची थाळी नको, दुपारी ती चटका देते. पाणी रोज बदला आणि आठवड्यातून एकदा भांडं घासा. नुसतं पाणी ओतून भागत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि उन्हाळ्यात त्यांचे डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. कूलरची टाकीही त्याच दिवशी रिकामी करून घासायची सवय लावून घ्या.

६. कोण कुठे घरटं करतं

पेटी विकत आणायच्या आधी एवढं समजून घ्या की बागेतले निम्म्याहून अधिक पक्षी पेटीकडे ढुंकूनही बघत नाहीत.

बुलबुल माणसाच्या कंबर-खांद्याएवढ्या उंचीवर, मेंदी, बोगनवेल, मधुमालती अशा दाटीत वाटीसारखं घरटं करतो. त्याला हवी असते छाटणी न केलेली एक बाजू. फेब्रुवारी ते जून कुंपण छाटू नका, छाटायचंच असेल तर आधी हाताने फांद्या बाजूला करून आत बघा.

शिंपी पक्षी रुंद पानांच्या कडांना चोचीने भोकं पाडून त्यातून कापूस, धागे आणि कोळ्याचं जाळं ओढून घेतो. अंजीर, लिंबू, जास्वंद, कुंडीतलं मोठ्या पानांचं कोणतंही झाड त्याला चालतं. एवढासा जीव, पण आवाज गल्लीभर ऐकू जातो. तो एकाच झाडाजवळ रोज ओरडत असेल तर त्या झाडाला पाणी घालताना फवारा मारू नका, बुडाशी ओता.

सूर्यपक्ष्याची मादी एकटी घरटं बांधते. वेलीला, कपडे वाळत घालायच्या तारेला, कधी व्हरांड्यातल्या वायरला लोंबकळणारी ती गबाळी पिशवी कचरा समजून ओढून काढली जाते. तिच्यातही कोळ्याचं जाळं असतं. म्हणून उन्हाळ्यात व्हरांड्याचे कोपरे चकचकीत ठेवायचा आग्रह सोडा. जाळी राहू दिली की बांधकामाचं सामानही मिळतं आणि पिल्लांना भरवायला कोळीही मिळतात.

तांबट शेवग्याच्या वाळलेल्या फांदीत स्वतः गोल भोक पाडतो. भांगपाडी मैना, पिंगळा, पोपट जुन्या झाडांच्या ढोलीत राहतात. राखी धनेशाची जोडी आपल्या शहरातल्या मोठ्या झाडांवर दिसते. तिची मादी ढोलीत शिरून तोंड लिंपून घेते, फक्त एक फट उरते आणि नर बाहेरून चारा आणून देतो. वाळली म्हणून फांदी तोडायची घाई करू नका. ती घरावर किंवा रस्त्यावर पडायचा धोका नसेल तर राहू द्या. कितीही चांगली पेटी तिची बरोबरी करू शकत नाही.

७. पेटी लावायचीच तर

चिमणीसाठी भोक ३२ मिमीचं हवं, फार तर ३५. त्याहून मोठं केलं तर साळुंकी ताबा घेऊ शकते. तळ आतून साधारण १५ बाय १५ सेंमी, उंची २० ते २५ सेंमी, आणि भोक तळापासून १२ ते १५ सेंमी वर, म्हणजे मांजराचा पंजा पिल्लांपर्यंत पोहोचत नाही. दयाळ हवा असेल तर भोक ५ ते ६ सेंमीचं ठेवा. भोकाखाली बसायला दांडी लावू नका, तिचा उपयोग कावळ्यालाच होतो.

लाकूड किंवा प्लाय जाड घ्या. पत्र्याची, प्लास्टिकची किंवा गडद रंगवलेली पेटी नागपूरच्या मे महिन्यात आतून भट्टी होते आणि पिल्लं त्यात दगावतात. वरच्या बाजूला हवा जायला दोन-तीन बारीक भोकं आणि तळाला पाणी निथळायला चार भोकं पाडा. उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीवर, छज्जाखाली, आठ-दहा फुटांवर घट्ट ठोका. झुलती ठेवू नका. पश्चिमेची भिंत कितीही सोयीची असली तरी नको.

आत काही भरू नका. जवळपास वाळलेलं गवत, नारळाच्या काथ्याचे बोटभर तुकडे, सावरीचा किंवा साधा कापूस ठेवला तर पक्षी हवं ते उचलतात. लांब दोरा, लोकर, केस नकोत, पिल्लांच्या पायांना फास बसतो.

मांज्याचंही तेच. संक्रांतीला अडकलेला नायलॉनचा मांजा उन्हाळ्यापर्यंत फांद्यांवर तसाच असतो, पक्षी तो घरट्यात विणतात आणि पुढे पिल्लं त्यातच लटकतात. जानेवारी संपायच्या आत आपल्या आणि शेजारच्या झाडांवरचा मांजा लांब काठीने उतरवून घ्या आणि तुकडे करूनच टाका.

८. घरटं सापडलं तर

लांब राहा. पक्षी तुमच्याकडे बघत चारा चोचीत धरून घरट्यात न जाता तसाच बसला असेल, तर तुम्ही जास्त जवळ आहात. मागे सरका. फांदी वाकवून फोटो काढू नका, तुम्ही केलेली वाट कावळा बघत असतो. फोटो काढलाच तर घरट्याची जागा गटावर टाकू नका. लांबून खेपा मोजा आणि चोचीत काय आहे ते दुर्बिणीतून ओळखायचा प्रयत्न करा. वहीतल्या अळ्यांच्या नोंदी आणि या खेपा इथे एकमेकांना मिळतात.

वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटं हलवणं, मोडणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. शेजाऱ्यांनाही हे गोडीत सांगून ठेवा.

९. पिल्लू खाली पडलं तर

अंगावर पिसं आहेत, उड्या मारतंय, शेपूट आखूड आहे, असं पिल्लू उडायला शिकत असतं. आईबाप जवळच असतात. कुत्रा-मांजर असेल तर फक्त उचलून जवळच्या फांदीवर ठेवा आणि दूर व्हा. पिसं फुटलेली नसतील तर परत घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकून देते हा समज खोटा आहे. घरटंच पडलं असेल तर छोट्या टोपलीत गवतासकट ठेवून त्याच झाडाला, सावलीत बांधा.

दूध, ब्रेड, पोळी काही भरवू नका. उन्हाने कोसळलेल्या पक्ष्याच्या चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. भोकं पाडलेल्या खोक्यात मऊ कापडावर, अंधाऱ्या गार जागी ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, जखमी वन्यप्राणी-पक्ष्यांवर तिथे उपचार होतात.

१०. मृगापासून पुढे

पहिल्या दमदार पावसानंतर उधईला, म्हणजे वाळवीला, पंख फुटतात आणि ती जमिनीतून थव्यांनी बाहेर पडते. त्या दिवशी कोतवाल, साळुंक्या, बुलबुल, कावळे, अगदी चिमण्यासुद्धा त्यांच्यावर तुटून पडतात. फवारा घेऊन धावू नका, खिडक्या लावा, दिवे कमी करा आणि बघत बसा. ओल्या मातीवर मखमली लाल मृगाचा किडा दिसेल. भिंगाखाली त्याचे पाय मोजा, आठ भरतील, म्हणजे तो कोळ्यांच्या नात्यातला. नवी झाडं लावायची ती आता लावा, मे महिन्यात लावलेली रोपं वाचवणं नवख्याला जड जातं.

चिमणी पावसाळ्यातही दुसरं-तिसरं घरटं करते, त्यामुळे पेटी लगेच उघडू नका. आपल्याकडे ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून. सफाईसाठी तो मुहूर्त धरा. आठवडाभर पक्ष्यांची ये-जा बंद असल्याची खात्री करा, तोंडाला रुमाल बांधून जुनं गवत काढा, उकळतं पाणी ओतून पेटी दोन दिवस कडक उन्हात वाळवा, सैल झालेले खिळे ठोका आणि डिसेंबरच्या आत ती त्याच जागी परत लावा.